सहावे बोट

हाताची पाची बोटे सारखी नसतात, असे आपण उठताबसता म्हणतो. म्हणीचा रोख बोटांच्या लांबीवर असतो. ती पाच असतात याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. या पाच बोटांवर मराठी भाषेने केवढा संसार मांडला आहे! थोडक्या वस्तू बोटांवर मोजण्याइतक्या. चिकट माणसाला बोट दिले तर तो हात धरतो. भाग्यवानाची पाची बोटे तुपात. वैऱ्याच्या नावाने बोटे मोडायची, आणि तान्ह्या बाळाची दृष्ट काढताना कानशिलावर मोडायची तीही हीच. ज्या बोटाला नाव सुचले नाही त्याचेही ‘अनामिका’ असे बारसे करून आपण मोकळे झालो. सहाव्या बोटाला मात्र आपण नाव दिले नाही.

आणि तरी ते असते. बाळ जन्मले की सुईण आधी त्याचे रडणे ऐके आणि मग त्याची बोटे मोजी. हजार जन्मांमागे एखाददुसऱ्या बाळाच्या बाबतीत तिची मोजदाद पाचाच्या पुढे जाते. कधी करंगळीच्या कडेला मोहरीएवढा मांसाचा दाणा लोंबत असतो, कधी नख, हाड आणि सांधे असलेले पुरे बोट असते, तर कधी अंगठाच दुहेरी असतो. काही मुलांची दोन बोटे बदकाच्या पायासारखी पडद्याने जुळलेली असतात. काहींच्या बोटांना तीनऐवजी जणू दोनच पेरी असतात. क्वचित एखाद्याचा पंजा मधोमध चिरल्यासारखा दिसतो.

मग प्रश्न येतो : हे कोठून आले? कोणी म्हणते, लक्ष्मीचे बोट आहे, पोर भाग्य घेऊन आले. कोणी पूर्वजन्मीचे काही काढते. आणि बहुतेक घरांत कोणीतरी हळूच म्हणते, “ग्रहणात सुनेने विळी हातात घेतली असेल.” ग्रहणात गरोदर बाईने चिरू नये, कापू नये, वळू नये, अंग मुडपून बसू नये. यातले एक जरी चुकले तरी त्याची खूण बाळाच्या अंगावर उमटते, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बोट बाळाला फुटते आणि बोट आईकडे दाखवले जाते. या दुसऱ्या बोटाचा इतिहास पहिल्याहून अधिक दुःखाचा आहे. म्हणून तो सांगण्यासारखा आहे. गंमत अशी की या इतिहासाचा माग काढू गेले तर पावले पुनःपुन्हा रत्नागिरी जिल्ह्याकडे वळतात.

*

आरंभ धर्मशास्त्रापासून करू. चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे गावी 1880 साली जन्मलेले पांडुरंग वामन काणे काही काळ रत्नागिरीच्या हायस्कुलात शिक्षक होते. पुढे मुंबईस वकिली करता करता त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. 1930 ते 1962 एवढ्या काळात त्याचे पाच खंड प्रसिद्ध झाले, आणि 1963 साली ते ‘भारतरत्न’ झाले. या इतिहासाच्या 1941 साली निघालेल्या दुसऱ्या खंडात विवाहाचे विस्तृत प्रकरण आहे. वधू कशी पाहावी, कशी पाहू नये, यासंबंधी सूत्रकारांनी आणि स्मृतिकारांनी काय काय सांगितले ते तेथे वाचावयास मिळते.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वर्ज्य मुलींची जी यादी आहे तीत ‘अधिकांगी’, म्हणजे एखादा अवयव अधिक असलेली मुलगी, येते. त्याच्याच आधी दहा प्रकारची कुळे टाळावीत असा आदेश आहे. ती गाईगुरे, धनधान्य यांनी कितीही संपन्न असली तरी टाळायची. या दहांत मूळव्याध, क्षय, अपस्मार, कोड आणि कुष्ठ असलेली कुळे आहेत. काही गोष्टी घराण्यातून उतरतात हे त्या काळच्या लोकांच्या ध्यानात आले होते, हे यावरून उघड होते. मात्र कोणत्या उतरतात आणि कोणत्या उतरत नाहीत, याचा निवाडा करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून उतरणारे सहावे बोट आणि न उतरणारा कुष्ठरोग ही दोन्ही एकाच टोपलीत पडली. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. सहा बोटांच्या मुलीला वर्ज्य ठरवणाऱ्या त्या श्लोकाशेजारी सहा बोटांच्या मुलाविषयी तसा निषेध नाही.

याच परंपरेत दुसरा एक आवाज आहे, तो वैद्यांचा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात भरद्वाज एक मोठा नेमका प्रश्न विचारतो : माणसापासून माणूसच जन्मतो हे खरे असेल, तर आंधळ्याचे मूल आंधळे आणि पांगळ्याचे मूल पांगळे का होत नाही? आत्रेयाच्या उत्तराचा भावार्थ असा, की बीजामध्ये निरनिराळ्या अवयवांचे निरनिराळे भाग असतात. त्यातला जो भाग दुखावला असेल त्याच अवयवात विकृती येते. तो भाग धड असेल तर बापाचे व्यंग मुलात येत नाही. सूक्ष्मदर्शक नसताना केवळ निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर ही माणसे एवढ्यापर्यंत पोचली होती. पण समाजाने वैद्याचे हे उत्तर उचलले नाही. स्मृतिकाराची यादी तेवढी उचलली.

*

युरोपातही याहून वेगळे नव्हते. गर्भिणीने काही भयंकर पाहिले की त्याचा ठसा गर्भावर उमटतो, असे तेथेही मानत. या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष मोपेर्त्वी या फ्रेंच गणितज्ञाने. बर्लिनमध्ये याकोब रूहे नावाचा एक शस्त्रवैद्य होता. त्याला सहा बोटे होती. त्याच्या आईला होती, आजीला होती, आणि त्याच्या काही मुलांनाही होती. मोपेर्त्वीने हे सारे घराणे नोंदवले आणि मग गणित मांडले. वीस हजार माणसांत एक सहा बोटांचा असतो असे धरले, तर आजी, मुलगी आणि नातू अशा ओळीने तीन पिढ्यांत तो केवळ योगायोगाने उपजण्याचा संभव 8 लाख कोटींत एक, म्हणजे आठावर बारा शून्ये इतक्यांत एक! एवढा योगायोग मानण्यापेक्षा ही गोष्ट रक्तातून उतरते असे मानणे सोपे, असा त्याचा निष्कर्ष होता. 1752च्या सुमारास त्याने हे प्रसिद्ध केले. त्याच्या नोंदीतून आणखी एक गोष्ट दिसली. सहावे बोट आईकडून येते तसे बापाकडूनही येते. ग्रहणाचा आणि विळीचा वाद येथेच मिटायला हवा होता. पण तसे झाले नाही.

पुढची शंभर वर्षे याचे कारण कोणाला उलगडले नाही. ब्र्‌नो येथील मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशाचे नियम काढले आणि 1866 साली ते छापले. पण ते धूळ खात पडले आणि 1900 साली पुन्हा उजेडात आले. मग विद्वान विचारू लागले, की वाटाण्याला लागू पडणारे हे नियम माणसाला लागू पडतात काय? याचे पहिले स्पष्ट उत्तर बोटांनीच दिले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया संस्थानात आखूड बोटांचे एक घराणे होते. विल्यम फॅराबी या हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञाने त्याची पाच पिढ्यांची वंशावळ तयार केली आणि 1905 साली ती प्रसिद्ध केली. आखूड बोटांच्या आईबापांची साधारण निम्मी मुले आखूड बोटांची निघाली होती, आणि लांब बोटांच्या भावंडांची संतती मात्र सरळ बोटांची होती. मेंडेलच्या नियमाप्रमाणे जे व्हावे तेच झाले होते.

कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला वाटाणा नको, आंबा पुरे. हापूसची कोय रुजवली तर हापूस येईलच असे नाही. म्हणून आपण कलम बांधतो. कलम म्हणजे त्याच झाडाचा पुढचा भाग. कोयीतून येणारे झाड मात्र दोन झाडांचे अपत्य असते आणि रायवळ निघते. माणसे सगळी रायवळ आहेत. प्रत्येकात प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची आणि एक बापाची. मूल होताना आपण त्यांतली कोणती तरी एकच पुढे देतो. आखूड बोटांची चिठ्ठी अशी जबरदस्त असते की दोहोंपैकी एक असली तरी तिचा अंमल चालतो. अशा आईला किंवा बापाला एक चिठ्ठी आखूड बोटांची आणि एक साधी असते. म्हणून प्रत्येक मुलाच्या वेळी नाणे उडवावे तसा अर्धाअर्धा संभव. पहिल्या मुलाला बोट आखूड आले म्हणून दुसऱ्याची सुटका होत नाही, आणि पहिला सुटला म्हणून दुसरा अडकत नाही. नाण्याला मागचे आठवत नसते.

*

येथे रत्नागिरी जिल्ह्याची दुसरी गाठ पडते. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, अण्णासाहेब कर्व्यांचे जवळचे आप्त, 1896 साली केंब्रिजला गेले आणि 1899 साली गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे मानकरी झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. तेव्हापासून महाराष्ट्र त्यांना ‘रँग्लर परांजपे’ म्हणून ओळखतो. त्याच वर्षी, 1896 सालीच, केंब्रिजच्या दुसऱ्या एका महाविद्यालयात जी. एच. हार्डी नावाचा तरुण दाखल झाला होता. तो 1898च्या परीक्षेत चौथा आला. पुढे मद्रासच्या रामानुजनला विलायतेस बोलावणारा हार्डी तो हाच. आपल्या गणिताचा व्यवहाराला काडीचा उपयोग नाही याचे त्याला भूषण वाटे. पण आखूड बोटांनी त्याचा हा अभिमान मोडला.

घडले ते असे. 1908 साली पनेट या जीवशास्त्रज्ञाने लंडनला मेंडेलच्या नियमांवर व्याख्यान दिले. तेव्हा आक्षेप निघाला, की आखूड बोटांची चिठ्ठी जर एवढी जबरदस्त, तर कालांतराने चारांतली तीन माणसे आखूड बोटांची दिसायला हवीत. तशी ती का दिसत नाहीत? पनेट आणि हार्डी एकत्र क्रिकेट खेळत. पनेटने प्रश्न हार्डीपुढे ठेवला. हार्डीने उत्तरादाखल अमेरिकेच्या ‘सायन्स’ या साप्ताहिकाला एक लहानसे पत्र लिहिले, आणि ते जुलै 1908मध्ये छापून आले. जर्मनीतील वाइनबर्ग या डॉक्टराने तीच गोष्ट त्याच वर्षी आधी मांडली होती. म्हणून या नियमाला आज दोघांचेही नाव आहे.

नियम समजायला गणिताची परीक्षा द्यावी लागत नाही. एका टापूत दहा हजार माणसे आहेत आणि त्यांत दहा आखूड बोटांची आहेत असे समजू. त्या दहांची लग्ने सरळ बोटांच्या माणसांशी झाली आणि प्रत्येक जोडप्याला दोन मुले झाली, तर वीस मुलांपैकी निम्मी, म्हणजे दहाच, आखूड बोटांची. पुढच्या पिढीतही सरासरीने दहाच. चिठ्ठीचा अंमल जबरदस्त असला म्हणून तिची संख्या वाढत नाही. एखादे जनुक प्रबळ असणे वेगळे आणि ते पुष्कळ असणे वेगळे. ‘आज एक सहा बोटांची सून आली, उद्या सारे घराणे सहा बोटांचे होईल’ ही भीती या एका लहानशा हिशेबाने निराधार ठरते.

*

वंशावळ लिहिण्याची हौस आपल्याला काही कमी नाही. कोकणातल्या कितीतरी घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापले. मूळ पुरुष कोण, गोत्र कोणते, कोणती शाखा देशावर गेली, कोणती बडोद्याला, हे त्यांत नेटकेपणाने मांडलेले असते. घाटावर हेळवी लोक बैलावर बसून गावोगाव येतात आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. ‘हेळव’ या कानडी शब्दाचा अर्थच मुळी पांगळा. व्यंगावरून नाव पडलेली माणसे इतरांच्या कुळाची स्मृती सांभाळीत आली, यात एक विलक्षण न्याय आहे.

पण हे कुलवृत्तान्त आनुवंशाच्या अभ्यासकाला अपुरे पडतात. त्यांत मुलग्यांच्या पिढ्या पुढे चालतात. मुलगी लग्न होऊन गेली की तिची रेघ तेथेच थांबते. कोठे तिचे माहेरचे नावही उरत नाही. निसर्ग मात्र असा पंक्तिप्रपंच करीत नाही. सहाव्या बोटाची चिठ्ठी लेकीच्या हातून तिच्या सासरी जाते आणि तिच्या लेकाच्या हातावर उमटते. मग सासरचे म्हणतात, “आमच्यात असले कधी नव्हते,” आणि माहेरची वही म्हणते, “ही कोण, आम्हांस ठाऊक नाही.” कधी कधी चिठ्ठी असूनही बोट फुटत नाही, एक पिढी कोरी जाते आणि नातवंडात ते पुन्हा दिसते. अशा वेळी पणजीच्या माहेरची आठवण ठेवणारी एखादी वृद्ध आत्या छापील कुलवृत्तान्ताहून अधिक विश्वासाची असते.

नात्यातल्या लग्नांचा मुद्दाही येथेच पाहू. महाराष्ट्रात पुष्कळ समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आत्याची मुलगी मात्र सहसा करीत नाहीत. या चालींचा सगळा नकाशा डॉ. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात काढून दाखवला. मुंबईतल्या बारा समाजांत अशी लग्ने किती होतात याची मोजणी डॉ. एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली छापली. त्यांचा बोटांशी काय संबंध? नुसते सहावे बोट बहुधा जबरदस्त चिठ्ठीने येते. त्याला नात्यातले लग्न कारण नसते. परंतु काही चिठ्ठ्या दबून राहणाऱ्या असतात. एकटी असताना त्या गप्प बसतात आणि आई व बाप या दोघांकडून एकेक आली तरच प्रकट होतात. नात्यातल्या माणसांजवळ एकाच आजोबांची एकच दबलेली चिठ्ठी असण्याचा संभव अधिक. फॅराबीच्याच पेनसिल्व्हेनियात आमिश पंथाचे लोक आपसांतच लग्ने करतात. त्यांच्यात बुटकी आणि सहा बोटांची, पुष्कळदा हृदयात दोष असलेली मुले आढळली. 1964 साली मॅक्‌क्यूसिक या डॉक्टराने दाखवून दिले की ही सारी रेघ 1744 साली तेथे आलेल्या एका जोडप्यापर्यंत जाते. तेव्हा एकटे सहावे बोट आणि इतर लक्षणांबरोबर आलेले सहावे बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे.

*

कुष्ठरोगाची गोष्ट मुद्दाम उशिरा सांगतो आहे. बोटे आखूड दिसली, झडली किंवा वाकडी झाली की लोकांच्या मनात पहिला संशय तोच येई. कोकणपट्टीला या रोगाची फार जुनी ओळख होती; एकोणिसाव्या शतकातच रत्नागिरीस अशा रोग्यांसाठी इस्पितळ उभे राहिले होते. मनूच्या यादीप्रमाणे युरोपातले मोठमोठे वैद्यही त्याला कुळाचा रोग समजत. नॉर्वेत हॅन्सेनने 1873 साली त्याचा जंतू शोधला. त्या सुमारास मुंबई इलाख्यातला एक डॉक्टर मुद्दाम नॉर्वेला जाऊन आला. त्याचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. जगभरचे वैद्यकाचे विद्यार्थी ‘ग्रे’चा शरीररचनेचा ग्रंथ ज्या चित्रांसाठी उघडतात ती चित्रे याच माणसाने काढली. हाताच्या सत्तावीस हाडांचे रेखाटन करणारा हा कलावंत 1858 साली मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, साताऱ्यास सिव्हिल सर्जन झाला आणि कुष्ठरोगाच्या अभ्यासात त्याने वर्षे घालवली.

या रोगात बोटे जन्मतः आखूड नसतात. जंतू मज्जातंतू मारतो, हाताची संवेदना जाते, चटके आणि जखमा कळत नाहीत, आणि बोटे हळूहळू झिजतात. 1981पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने तो पुरता बरा होतो. म्हणजे ज्याला कुळाचा शाप म्हटले तो जंतूचा रोग निघाला, आणि जे खरोखर कुळातून येते ते सहावे बोट रोगच नव्हे. पण टोपली एकच असल्यामुळे दोघांच्याही वाट्याला बहिष्कार आला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात होते. ते काढून टाकायला 2019 साल उजाडावे लागले.

*

या कथेतले सर्वांत काळे पान बर्लिनचे आहे. जेथे मोपेर्त्वीने सहा बोटांचे घराणे निखळ कुतूहलाने नोंदवले, त्याच शहरात 1927 साली मानववंश, आनुवंश आणि सुप्रजनन यांची एक संस्था निघाली. तिचा प्रमुख होता ऑयगेन फिशर. इरावतीबाई आपल्या प्रबंधासाठी याच फिशरकडे गेल्या. त्यांचे लहानपण पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी गेले होते, मुंबईस त्यांचे गुरू होते मालवणचे डॉ. घुर्ये (मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते), आणि सून म्हणून त्या मुरूडच्या कर्व्यांच्या घरात आल्या होत्या. फिशरच्या विद्यार्थिनीने कवट्या मोजल्या आणि मापांवरून जो निष्कर्ष निघत होता तोच लिहिला. गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व मापांत दिसावे ही गुरूची अपेक्षा होती. तिला त्या निष्कर्षाने आधार दिला नाही. 1930 साली त्यांना पदवी मिळाली आणि त्या परत आल्या.

तीनच वर्षांनी, जुलै 1933मध्ये, हिटलरच्या सरकारने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. ज्यांना मुले होऊ द्यायची नाहीत अशांच्या यादीत ‘तीव्र आनुवंशिक शारीरिक व्यंग’ असलेली माणसे होती. चिरलेल्या पंज्याच्या, खुंटलेल्या बोटांच्या स्त्रीपुरुषांना न्यायासनापुढे उभे करून शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढवण्याची सोय त्या कलमाने झाली. मनूने लग्नाच्या यादीतून नाव खोडले होते. येथे वंशवेलच खोडण्यात आली. शास्त्राच्या नावाने चाललेल्या या क्रौर्यापाशी शास्त्र किती होते, हे हार्डीच्या हिशेबावरून ताडून पाहता येते. दबलेल्या चिठ्ठ्यांचा बहुतेक साठा धडधाकट दिसणाऱ्या माणसांतच असतो. रोग्यांची वंशवेल खुडून तो पिढ्यान्‌पिढ्या जेमतेम हलतो.

*

आता आजचे ज्ञान. गर्भ पाच आठवड्यांचा होतो तेव्हा हाताच्या जागी वल्ह्यासारखा एक चपटा अंकुर असतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात त्यात बोटांच्या रेघा उमटतात. मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी होतात. त्या पेशी मरायच्या राहिल्या तर बोटे जुळलेली राहतात. करंगळी कोणत्या बाजूला आणि अंगठा कोणत्या, याची खूण एका प्रथिनाने होते. ते अंकुराच्या करंगळीकडच्या कडेला तयार होते आणि अंगठ्याकडे विरळ होत जाते. शास्त्रज्ञांनी त्याचे नाव मुलांच्या एका व्हिडिओ खेळातल्या निळ्या पात्रावरून ‘सॉनिक हेजहॉग’ असे ठेवले! हेच प्रथिन भलत्या कडेला थोडेसे झिरपले तर तिकडे एक जास्तीचे बोट फुटते. 2003 साली कळले की या जनुकाची कळ त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर असते. त्या कळीतले एक अक्षर बदलले की पुरे. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेच्या फ्लॉरिडातील घरी आजही सहा बोटांच्या मांजरांचा गोतावळा आहे. त्यांच्याही बाबतीत अशाच एका अक्षराची अदलाबदल आढळली. आखूड बोटांच्या ज्या प्रकाराने फॅराबीला प्रसिद्धी दिली त्याचे जनुक 2001 साली चीनमधल्या संशोधकांनी शोधून काढले.

या कालगणनेकडे जरा नीट पाहावे. चिठ्ठी गर्भधारणेच्या क्षणीच पडलेली असते, आणि बोटे दोन महिन्यांत सुटी झालेली असतात. ओटीभरणाचे दिवस येतात तेव्हा हा कारखाना केव्हाच बंद झालेला असतो. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला आणि विळीला करण्यासारखे काहीच उरलेले नसते.

उपायही आज अवघड नाहीत. लोंबणारे लहान बोट दोऱ्याने आवळून पाडण्याची जुनी रीत धोक्याची. ते डॉक्टरनेच काढावे. दुहेरी अंगठा किंवा जुळलेली बोटे बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत शस्त्रक्रियेने नीट करतात. मुंबईच्या जे. जे. इस्पितळात डॉ. नोशीर अँटिया यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा पाया घातला आणि कुष्ठरोग्यांचे हात पुन्हा कामाचे केले. मुंबईचेच डॉ. बी. बी. जोशी यांनी वाकडे हातपाय हळूहळू सरळ करणारी तारांची चौकट तयार केली. ती ‘जेस’ या नावाने देशभर वापरली जाते. मात्र सहाव्या बोटाबरोबर बाळाची वाढ खुंटत असेल, रात्री दिसत नसेल, वजन भलतेच वाढत असेल किंवा हृदयाचा दोष असेल, तर नुसते बोट काढून थांबू नये. आनुवंशाच्या तज्ज्ञाकडे जावे.

आणि काही त्रास नसेल तर ते बोट तसेच राहू द्यायलाही हरकत नाही. बंगालची स्वप्ना बर्मन हिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे आहेत. 2018 साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत सात क्रीडाप्रकारांच्या शर्यतीत तिने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पाच बोटांसाठी केलेल्या बुटांत तिचे पाय दुखत; मग तिच्यासाठी तिच्या मापाचे बूट करून घ्यावे लागले. दोष पायात नव्हता, बुटात होता. मनूची यादी, बर्लिनचा कायदा, ग्रहणाची विळी हे सारे असेच पाच बोटांच्या मापाचे बूट होते.

दिवाळीला घर भरते. सुना माहेरी जाऊन येतात, लेकी भाऊबिजेला येतात, चार पिढ्या एका पंगतीला बसतात. फराळाची ताटे आवरली की एक मोठा कागद घ्यावा आणि आजीला जवळ बसवून घराण्याची वेल काढावी. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळ, ही आनुवंशशास्त्राची खूण. लेकींच्या रेघा थांबवू नयेत, सुनांची माहेरे गाळू नयेत, लहानपणी गेलेली मुले विसरू नयेत. कोणाला मधुमेह होता, कोणाला कमी ऐकू येई, कोणाच्या करंगळीशेजारी एक इवलेसे बोट होते, हे न लाजता लिहावे. पुढे एखाद्या नातसुनेच्या बाळाची बोटे मोजताना सुईणीची जागा घेतलेली परिचारिका सहावर थांबली, तर घरातल्या कोणीतरी तो कागद उघडावा आणि हसून म्हणावे, “अगं, हे तर आमच्या पणजीचे बोट!”